डाव्या बाजूच्या वळचणी

२ फेब्रुवारी, सोमवार

तिसरी! आठवड्यात तिसरी तक्रार. आज शाळेतल्या बाई आल्या होत्या. गणित शिकवतात, तोंडाने फटकळ. खुर्चीत टेकायच्या आधीच सुरू — "दाढ भरून दिलीत की कपाट? जेवलेलं सगळं तिथेच साठतंय." हिरडी सुजलेली, दातांच्या फटीत साफ करायचा दोरा घातला की तुटून येतो. गुरुवारी ट्रकवाला आला होता, शनिवारी बँकेतला शिपाई. सगळ्यांचं रडगाणं तेच. अन्न अडकतं, रक्त येतं, दोरा तुटतो.

दोरा तुटला की समजायचं — वळचण! हा मोठ्या डॉक्टरांचा शब्द. दोन दाढांच्या मधली बाजू भरताना सिमेंट दाढेच्या अंगासरशी न बसता बाहेर ओघळलं, की तिथे कडा राहते. घराच्या वळचणीसारखी. तिच्याखाली ब्रश पोचत नाही, घाण साचते. आधी हिरडी जाते, मग हाड. वरून बघावं तर दाढ कशी छान, गुळगुळीत!

बावीस वर्षं मी या दवाखान्यात एक्स-रे काढतेय. एका आठवड्यात इतक्या वळचणी कधी आल्या नाहीत. मोठे डॉक्टर तेच, मी तीच, खुर्च्या त्याच. नवीन काय ते एकच — आठ महिन्यांपूर्वी आलेल्या डावखुऱ्या डॉक्टर मॅडम. मी मनात तिला डावरी म्हणते. कुठेतरी पाणी मुरतंय.

३ फेब्रुवारी

पाचरींचा डबा पुन्हा रिकामा! पूर्वी महिन्याला एक पुरायचा, आता तीन लागतात. काडेपेटीच्या काडीएवढ्या लाकडी पाचरी त्या. दाढ भरताना पत्र्याची पट्टी लावतात, आणि ती दाढेला घट्ट बसावी म्हणून फटीत पाचर ठोकतात. तेवढंच त्यांचं काम. मग जातात कुठे? घरी नेऊन चूल पेटवते की काय ही?

४ फेब्रुवारी, बुधवार

मोठ्या डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. म्हटलं आपलं काही चुकलं की काय. तर म्हणाले, "अगं, आपल्या भरलेल्या दाढांमध्ये वळचणी किती, नि कुठे कुठे आहेत, मला मोजून हवंय. गेल्या आठ महिन्यांच्या. तुझ्याइतकी नजर इथे कुणाची नाही."

आमच्याकडे दाढ भरली की लगेच एक फिल्म काढायचा रिवाज आहे. त्या सगळ्या फिल्म्स खिडक्या पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चिकटवून माझ्या अंधाऱ्या खोलीत ठेवलेल्या असतात. पुठ्ठ्यावर फक्त कार्डाचा नंबर. कुणी भरली हे कार्डावरसुद्धा लिहीत नाहीत. "दवाखान्याचा हात एकच," हे मोठ्या डॉक्टरांचं वाक्य दवाखाना सुरू झाल्यापासूनचं. दोघा डॉक्टरांच्या खोल्या वेगळ्या आणि मी माझ्या अंधारात. झरोक्यातून कार्ड आत येतं, पेशंट दाराशी उभा, फिल्म काढायची, पुढचा. कोण कुणाच्या खुर्चीवरून आला मला काय कळणार!

"पेशंटना विचारू का, कुणी भरली ते?" मी म्हटलं.

"नाही नाही! पेशंटना काही विचारायचं नाही. बभ्रा होतो. तू फक्त फिल्म्स बघ." मग चष्मा पुसत म्हणाले, "पुस्तकांत तर वाटेल तेवढं प्रमाण दिलंय. कुणी म्हणतं चारात एक, कुणी म्हणतं निम्म्या. आपलं काय ते तरी कळू दे. एक मार्चपासून मॅडमना कायम करायचं आहे. त्याआधी कळलेलं बरं."

मी समजले. ते तोंडाने बोलायचे नाहीत, पण मी समजले!

५ फेब्रुवारी

मोजणी सुरू. पुठ्ठा दिव्याच्या काचेवर ठेवायचा, भिंग लावायचं. भरलेला भाग पांढरा दिसतो. त्याची कडा दाढेच्या रेषेत असेल तर उत्तम. चोचीसारखी बाहेर आली असेल तर वळचण. वहीत रकाने आखलेत — वरची की खालची, पुढची बाजू की मागची, डावी की उजवी.

या पुठ्ठ्यांवरूनही डावरीने आल्या आल्या खुसपट काढलं होतं. फिल्मच्या कोपऱ्यात बारीक ठिपका असतो. एका बाजूने फुगवटा, दुसऱ्या बाजूने खळगा. बावीस वर्षं मी खळगा आपल्याकडे ठेवून चिकटवत आले. मोठ्या डॉक्टरांनीच शिकवलेलं. बाईसाहेबांना फुगवटा हवा! "आता सगळीकडे असंच करतात, ताई." मोठे डॉक्टरही म्हणाले, "ऐक तिचं." चिकटवते बाई तेव्हापासून तिच्या म्हणण्याप्रमाणे. हाताला काय, सांगाल तसं करतो. पण मी तेव्हाच तिच्यावर दात धरला, खोटं कशाला बोलू? इथे कोण वाचतंय!

आज एकोणचाळीस झाल्या. त्यात अकरा वळचणी.

७ फेब्रुवारी, शनिवार

सापडली!

दुपारी मोठे डॉक्टर जेवायला गेले. मी डबा खाऊन हात धुवायला उठले, तर डावरीच्या खोलीत मशीनचा आवाज. जेवणाच्या सुट्टीत! दाराच्या फटीतून बघितलं. खुर्चीवर शाळेतल्या बाई! डावरी त्यांच्या दाढेतलं सिमेंट उकरून काढत होती. नवी पट्टी, पाचर, सगळं पहिल्यापासून. बाई निघताना ही हळूच म्हणते कशी, "एवढं आपल्यातच ठेवा हं."

वा! आपल्यातच ठेवा! स्वतःची घाण आधी करायची, मग मालक जेवायला गेले की चोरून पुसायची. आणि बाहेर आली की चेहरा असा, जणू धुतला तांदूळच. "जेवलात का ताई?" म्हणे. मी म्हटलं, जेवले.

८ फेब्रुवारी, रविवार

ह्यांना सगळं सांगितलं. पेपर खाली न करता म्हणतात, "तुला कुणाचा संशय येत नाही ते सांग, यादी छोटी होईल."

म्हटलं मी डोळ्यांनी बघितलंय.

"मागच्या वर्षी चष्मा हरवला तेव्हाही तू डोळ्यांनीच बघितलं होतंस. शेजारच्या वहिनींनी उचलला म्हणून. आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाहीस. आणि निघाला कुठे? तुझ्या पर्समधून."

त्याचा इथे काय संबंध? ह्यांना कुठलीही गोष्ट सांगितली की चष्म्यावर आणून सोडतात. चहा केला नाही मुद्दाम. स्वतः करून प्यायले आणि कपही विसळून ठेवला, म्हणजे माझ्या रागाचंही काही चाललं नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

निम्म्याहून जास्त झालं. आणि आता नक्षी दिसायला लागलीय. वरच्या दाढा जास्त. मागची बाजू जास्त, म्हणजे दाढ जिथे तिच्या मागच्या दाढेला भिडते ती. ते समजण्यासारखं आहे. तोंडाच्या तळघरातली जागा ती, तिथे ना हात जात ना उजेड. पण तिसरी गोष्ट बघून मी भिंग खाली ठेवलं. डावी बाजू! चार वळचणींत तीन डाव्या!

का असावं असं? विचार करकरून डोकं शिणलं. मग संध्याकाळी हत्यारं उकळायला ठेवताना सहज विचारल्यासारखं डावरीला विचारलं, "मॅडम, तुम्हाला कुठली बाजू जड जाते हो?"

बिचारी लगेच बोलून मोकळी! "डावी, ताई. मी पेशंटच्या डाव्या हाताला बसते ना, मग जवळचीच बाजू गालाआड जाते. मान मोडते अगदी. डॉक्टरांचं उलट, ते उजव्या हाताला बसतात. त्यांना उजवी अवघड."

मी म्हटलं, "हो का?" चेहऱ्यावरची माशी हलू दिली नाही. आतून मात्र टाळी वाजवली.

१२ फेब्रुवारी

संपली. दोनशे शहाऐंशी भरलेल्या बाजू. अठ्ठ्याऐंशी वळचणी. शंभरात एकतीस धरा. वरच्या पंचावन्न, बाकी खालच्या. मागच्या अंगाला एकोणसाठ.

आणि डाव्या सदुसष्ट! उजव्या फक्त एकवीस.

तीनदा मोजलं. मी कुणाला सांगोवांगी दोष देत नाही, हे ह्यांना एकदा कळू दे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

कागद दिला. स्वच्छ अक्षरात, खाली रेघ मारून — "वळचणी मुख्यतः डाव्या बाजूस आढळतात."

मोठ्या डॉक्टरांनी किती वेळ बघितला! मी उभीच. मग म्हणाले, "डावी? नक्की?"

"नक्की डॉक्टर. तीन वेळा."

"एक-दोन पुठ्ठे ठेव इथे." ठेवले. दिव्यासमोर धरले त्यांनी. थकल्यासारखे दिसत होते. बरोबर आहे, स्वतः निवडून आणलेली मुलगी. हात अलीकडे जरा थरथरतो त्यांचा, आज पुठ्ठा धरताना जास्तच वाटला. मला फार वाईट वाटलं. माझ्या हातात एक काम नव्हतं तेव्हा या माणसाने मला दारातून आत घेतलं, फिल्म कशी धुवायची इथपासून शिकवलं. त्यांच्या नावाला कुणी बट्टा लावला तर मी सहन करणार नाही.

"जा तू," म्हणाले. "छान काम केलंस."

१६ फेब्रुवारी

आज काही नाही. केबिनचं दार बंदच.

आणखी एक बघितलं. डावरी एका कागदावर कार्डांचे नंबर लिहून ठेवते आणि एकेकावर काट मारते. मला बघितल्यावर घडी घालून खिशात. चोराच्या मनात चांदणं असेल तर असेल, माझ्या डोळ्यांतही तेल आहे!

१८ फेब्रुवारी, बुधवार

झालं. दुपारी तिला आत बोलावलं. वीस मिनिटं. बाहेर आली ती पांढरीफटक. शनिवार शेवटचा दिवस.

माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. लाल दिवा चालू होता, मी फिल्म धूत होते, त्यामुळे तिला आत यायला सांगता आलं नाही. सांगितलंही नसतं म्हणा. म्हणाली, "ताई, तुम्ही मोजलंत?"

"हो."

"डाव्या जास्त निघाल्या?"

"हो."

"पुठ्ठे मला दाखवाल एकदा? डॉक्टर नको म्हणाले."

"मग मी कशी दाखवू?"

म्हणाली, "आईला काय सांगू तेवढं कळत नाहीये." तिची आई तिच्याकडेच असते, गुडघ्यांनी अधू. या कामासाठी तिने जवळ खोली घेतली, आईला भावाच्या घरून इकडे आणलं. आता परत भावाकडे. भावजय कशी आहे ते मला माहीत आहे, तिनेच एकदा सांगितलं होतं. आणि अशा कारणावरून घालवलेल्या डॉक्टरला दुसरीकडे कोण ठेवून घेणार?

पण म्हटलं, बाई गं, त्या सदुसष्ट हिरड्यांचं काय?

१९ फेब्रुवारी

बोलत नाही माझ्याशी. नको बोलू!

२१ फेब्रुवारी, शनिवार

गेली. जाताना टेबलाचा खण रिकामा करून पुसून ठेवला. मला म्हणाली, "ताई, पाचरी संपू देऊ नका. आणि डॉक्टरांना घाई असली की आठवण करत जा."

म्हणजे जाता जाता त्यांनाच टोमणा! काय एकेक माणसं असतात. मी दातओठ खाऊन माझ्या खोलीत गेले.

हे म्हणाले, "मग? आता खूश?" मी म्हटलं खुशीचा काय प्रश्न आहे. जेवण गेलं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

घात झाला.

कोपऱ्यावरचा शिंपी आला होता सकाळी. जानेवारीत दाढ भरलेली, आता हिरडीतून रक्त. मोठे डॉक्टर म्हणाले, याची जुनी फिल्म काढ. काढली. वळचण ही एवढी! माझ्या वहीत नंबरासमोर — वरची, मागची बाजू, डावी. मी पुठ्ठा घेऊन शिंप्यापाशी गेले आणि म्हटलं, "डावी बाजू दुखते ना?"

"नाही हो ताई, ही!" आणि उजव्या गालावर बोट.

मी म्हटलं, नीट बघा. हसला. "दाढ माझी आहे ना ताई? डावीकडच्या तर लहानपणापासून ठणठणीत आहेत." तोंड उघडलं. खरंच. भरलेली दाढ उजवी. डावीकडे भरलेलं काही नाहीच!

पुठ्ठा बघितला. ठिपक्याचा फुगवटा माझ्याकडे. अंगठा फिरवला त्यावरून. आणि पायाखालची जमीन सरकली.

खळगा आपल्याकडे असला की पुठ्ठ्याची डावी ती पेशंटची डावी, जसं काही आपण त्याच्या जिभेवर बसून बघतोय. बावीस वर्षं मी तसंच वाचत आले. फुगवटा आपल्याकडे असला की सगळं उलटं. आपण पेशंटच्या समोर उभे असल्यासारखं. पुठ्ठ्याची डावी ती त्याची उजवी!

आठ महिने चिकटवलं नव्या पद्धतीने. मोजलं जुन्या डोळ्याने. अगं बाई! अगं बाई! सदुसष्ट डाव्या नव्हेत. सदुसष्ट उजव्या.

उजवी अवघड कुणाला, ते मी वर दहा तारखेला स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय.

२५ फेब्रुवारी, बुधवार

अंग मोडून आलंय सांगून घरी राहणार होते. गेले. कपाटातली कार्डं एकेक काढली. कार्डावर दाढेचा नंबर असतो, त्यात डावं-उजवं स्पष्ट. अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी उलट्या. एकही सुटली नाही. कार्डं तिथेच होती, माझ्यापासून सहा पावलांवर! मला उघडून बघावंसंही वाटलं नाही. कशाला वाटेल? मला आधीच ठाऊक होतं ना सगळं!

मग शाळेतल्या बाईंना फोन केला. बभ्रा गेला खड्ड्यात. विचारलं, पहिल्यांदा दाढ कुणी भरली होती?

"मोठ्या डॉक्टरांनी. नंतर त्या डावऱ्या मॅडमनी काढून परत भरली. म्हणाल्या, आपल्यातच ठेवा, डॉक्टरांना कळलं तर मनाला लागेल. का हो? आता छान आहे दाढ."

म्हटलं काही नाही, सहज. फोन ठेवून त्या अंधाऱ्या खोलीत बसून रडले. रडायला ती खोली बरी, कुणी दार उघडत नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती कुणाची घाण पुसत होती! खिशातली ती यादी! पाचरींचे तीन डबे लागायचे, कारण ती प्रत्येक दाढेला पाचर लावायची, नियमाप्रमाणे. आणि मोठे डॉक्टर लावत नव्हते. डोळ्यांना दिसेना, हाताला धीर धरवेना, पट्टी गुंडाळली की सिमेंट भरून मोकळे. महिन्याला एक डबा पुरायचा तो त्यामुळे! बावीस वर्षं पुरायचा का, की हल्लीच? देव जाणे. मी कधी मोजलंच नाही. मी फक्त जास्त लागलेल्या मोजल्या.

उरलेल्या एकवीसांत तिच्याही काही असतील. असू देत की. कुणाच्या नसतात?

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं. सकाळी पेशंट यायच्या आधीच गेले केबिनमध्ये. माझी चूक सांगितली, ठिपका सांगितला, कार्डं सांगितली. उजव्या सदुसष्ट, एवढं म्हणून थांबले. त्याचा अर्थ काय ते त्यांच्या तोंडावर मला म्हणवेना. त्यांनाही विचारायची गरज पडली नाही.

मला वाटलं आता ओरडतील. आयुष्यात कधी ओरडले नाहीत, पण आज ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "चुका होतात गं. एवढ्या वर्षांची सवय, डोळा फसतो."

"मॅडमना परत बोलवू या ना डॉक्टर."

"आता ती गेली. परत बोलवायचं म्हणजे सगळं उकरणं आलं. तुझी चूक आली. लोक म्हणतील, एक्स-रे वाचता येत नाही हिला. या वयात तुला ते नको." आणि मग अगदी मायेने म्हणाले, "माझ्याकडून ही गोष्ट बाहेर जाणार नाही. तूही विसर. आणि मी आता मागच्या दाढा कमीच घेत जाईन."

मला भरून आलं. एवढं करून माझी चूक पोटात घालतात! पायाच पडायचे बाकी होते. बाहेर येऊन चहा प्यायले तेव्हा जरा जिवात जीव आला.

पण तिचं काय?

२७ फेब्रुवारी

डावरीला फोन लावला. एक रिंग वाजायच्या आत बंद केला. काय बोलणार? "मॅडम, मी चुकले, पण कुणाला सांगू नका"? ह्यांना विचारलं. पहिल्यांदाच चष्म्यावर गेले नाहीत. म्हणाले, "तू चुकलीस ते एका दिवसाचं. गप्प राहिलीस तर ते रोजचं." मला म्हणे, चूक कबूल करायला जीव जातो तुझा. जातोच! कुणाचा जात नाही?

पुन्हा लावला. पुन्हा बंद केला.

२ मार्च, सोमवार

नवीन डॉक्टरची जाहिरात द्यायचीय. मोठे डॉक्टर म्हणाले, "फाइलीत जुन्या जाहिरातीचा मजकूर असेल बघ." फाइल उघडली. वरच माझा कागद. वळचणी मुख्यतः डाव्या बाजूस. त्यातल्या "डाव्या"वर पेन्सिलीची रेघ आणि वर त्यांच्या बारीक अक्षरात — उजव्या. शेजारी सही आणि तारीख. खाडाखोड केली की सही-तारीख घालायची, ही त्यांची हाडात मुरलेली सवय, कंपाउंडरच्या चिठ्ठीवरसुद्धा घालतात.

तारीख चौदा फेब्रुवारी. दिव्यासमोर पुठ्ठे धरले तो दिवस. तिला त्यांनी काढलं अठराला!

आणि गुरुवारी मला म्हणाले, तुझी चूक बाहेर जाणार नाही. मी त्यांचे पाय धरणार होते!

कागद घडी करून पर्समध्ये टाकला. तिथूनच, त्यांच्या टेबलापाशी उभी राहून फोन लावला. या वेळी बंद केला नाही. "ताई?" म्हणाली ती.

"मॅडम," म्हटलं, "कागद माझ्या हातात आहे. तुम्ही म्हणाल तिथे येऊन सांगते."